हा दिवाणी मामला कसा?

संपादक महोदय,

माझ्या भावाने प्लॉटसाठी एका एजंटला ३ लाख दिले, नंतर कळलं की प्लॉट भलत्याच्याच नावावर आहे, आणि पोलीस म्हणतात हा दिवाणी मामला, कोर्टात जा. अहो पण फसवणुकीचं जुनं कलम ४२०, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं (नव्या फौजदारी कायद्याचं) कलम ३१८(४), त्यात काय लागतं? खोटं सांगून भुलवणं, त्या खोट्यावर विसंबून माणसाने पैसे देणं आणि फसवायचा इरादा सुरुवातीपासूनच असणं. शिक्षा ७ वर्षांपर्यंत. धंदा बुडाला म्हणून पैसे परत देता आले नाहीत तर ती फसवणूक नाही, मान्य. पण इथे खोटा सातबारा पहिल्याच दिवशी दाखवला होता! इरादा आणखी कसा दिसायचा? निदान एफआयआर तरी घ्या.

— एक वाचक