संकट एकाच घरावर आले तर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शैक्षणिक पुरवणीतला तज्ज्ञांचा सल्ला वाचून मन अस्वस्थ झाले, म्हणून लिहिते आहे. नामांकित कॉलेजांत अर्ज करताना कमी गुणांची कारणे देत बसू नका, घरच्या अडचणींचे रडगाणे प्रवेश समितीला ऐकायचे नसते, असे त्यात ठासून सांगितले आहे. लेखकाच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे, पण हा सल्ला चुकीचा आहे आणि आमच्याकडच्या मुलांचे त्याने नुकसान होईल.

माझी भाची, भावाची मुलगी, दहावीला ९१ टक्के मिळवून सायन्सला गेली. अकरावीच्या दिवाळीत भावाला अर्धांगवायूचा झटका आला. तो तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, पण बोट दुसऱ्याची. घरात येणारा पैसा त्या दिवसापासून थांबला. वहिनी हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला उभी राहू लागली आणि भावाचे उठणे-बसणे, अंघोळ, औषधे, धाकट्याची शाळा हे सगळे पोरीवर आले. प्रॅक्टिकल बुडाली, चाचण्या बुडाल्या. बारावीला ६८ टक्के पडले. ते तिने कसे मिळवले ते मी पाहिले आहे आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

तिने बेंगळुरूच्या एका विद्यापीठाचा अर्ज भरायला घेतला. त्यात अभ्यासावर परिणाम झाला असेल तर परिस्थिती लिहा, असा रकानाच होता आणि सोबत कॉलेजचे पत्र जोडता येत होते. म्हणजे ज्यांना प्रवेश द्यायचा तेच विचारत होते! पत्र मागायला आम्ही दोघी कॉलेजात गेलो. ऑफिसात उत्तर मिळाले, ‘दाखला मिळेल, बोनाफाईड मिळेल, असलं पत्र द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.’ प्राचार्यांना भेटलो तर म्हणाले, ‘अहो, प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतंच.’ वर्गशिक्षकांना सगळे ठाऊक होते, तेही मान खाली घालून गप्प राहिले. अर्ज पत्राशिवाय गेला. मुलाखतीला बोलावणे आले नाही. पत्र असते तर आले असते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण दोन ओळी खऱ्या लिहायला कॉलेजचे काय जात होते?

अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांना चालणाऱ्या कॉमन अ‍ॅपच्या अर्जातही अशा माहितीला वेगळी जागा असते आणि शाळेच्या समुपदेशकाचे पत्र सोबत जाते. आपल्याकडेही नियम वाकतात, नाही असे नाही. एनआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांसाठी बारावीला ७५ टक्के किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलची अट आहे, ती करोनामुळे २०२० ते २०२२ च्या प्रवेशांना सोडून दिली होती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या मुलांना अभ्यास का झाला नाही असे कोणी विचारले नाही, कारण आडव्या झालेल्या नारळी-पोफळी सगळ्यांना दिसत होत्या. भावाची खाट घराच्या आत आहे, ती कोणाला दिसत नाही. मग पोरीने ते लिहून सांगायचे नाही तर काय करायचे?

तज्ज्ञांनी निदान उपयोगाचे तरी सांगायला हवे होते. दिल्ली विद्यापीठासह केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून पदवीचे प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात, बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते पाहतात. आपल्या मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, पुन्हा परीक्षेला बसता येते. गावातल्या किती पालकांना हे माहीत आहे? पुरवणीत त्यासाठी जागा नव्हती, क्लासच्या जाहिरातींना मात्र पानेच्या पाने होती.

आणि लिहितेच आहे तर हेही लिहिते. दरवर्षी निकालाला ‘कोकण पुन्हा अव्वल’ असा मथळा आपण देता. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ९६.७४ टक्के लागला, आनंदच आहे. पण पहिल्या पानावर फोटो फक्त नव्वदच्या पुढच्यांचे. आजारी बापाला सांभाळून पास झालेली पोरे याच निकालात आहेत. त्यांच्याकडे तुमचा वार्ताहर एकदाही का जात नाही?

भाची यंदा पुन्हा अर्ज करते आहे. कॉलेजने अशा विद्यार्थ्याला पत्र द्यावे की नाही, ते कोणी लिहावे आणि त्यात काय असावे, हे एखाद्या प्रवेश समितीच्या सदस्यालाच विचारून आपण छापावे. अर्जांच्या मुदती संपण्याआधी छापलेत तर उपकार होतील.

आपली,
एक वाचक, हर्णै (ता. दापोली)