आईच्या सेवेचा खर्च

धंतोली, नागपूर
दि. १८ मे

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. 'आईवडिलांचा खर्च मुलांनीच करायचा, यात विचारायचे काय?' असे तू लिहिलेस. आईला अर्धांगवायू होईपर्यंत मीही हेच म्हणत असे. आज तितक्या ठामपणे म्हणवत नाही.

रुग्णालयाचा खर्च आम्हाला फार जड गेला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यात बरेचसे भागले. खरा खर्च सुटी होऊन आई घरी आल्यावर सुरू झाला. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावे लागते, नाहीतर या उन्हाळ्यात, कूलर अखंड चालू असूनही, पाठ घामाने भिजून लाल होते आणि तिथेच जखम धरू लागते. रात्रीच्या बाई ५०० रुपये घेतात. डायपर, एअर बेड आणि फिजिओथेरपी धरून महिन्याला वीस-बावीस हजार होतात. यासाठी आयुष्मान योजनेचे कार्ड चालत नाही.

दिवसाची पाळी माझ्या बायकोची, सुनंदाची. त्यासाठी तिने शाळेतली नोकरी सोडली. आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी अपत्यांवर टाकणाऱ्या, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात अपत्य म्हणून मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत, सून नाही. आणि घराघरांत कंबर मोडते ती तिचीच. घर नावावर करून घेऊन आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याचे बक्षीसपत्र, सांभाळण्याची अट घातलेली असल्यास, याच कायद्याच्या कलम २३ नुसार रद्द होऊ शकते, हे मला अगदी योग्य वाटते. पण ज्या मुलाच्या हातातच काही उरत नाही, त्याच्याकडून कायदा तरी काय वसूल करणार?

म्हणून मला जपानची रीत पटते. तिथे २००० सालापासून माणूस चाळिशीत आला की शुश्रूषा विम्याचा हप्ता भरू लागतो, उरलेला भार करांतून उचलला जातो, आणि गरज पडल्यावर सेवेच्या खर्चापैकी १० ते ३० टक्केच त्याला स्वतः द्यावे लागतात. जपान श्रीमंत आहे, हे तू म्हणशीलच. पण कमावत्या वयात सर्वांनी थोडे थोडे बाजूला टाकावे, याला श्रीमंती लागत नाही, सरकारची इच्छा लागते.

हे सारे रात्रीच्या बाईंकडे पाहून अधिक जाणवते. त्यांचे वय ५४. एकुलती एक मुलगी बुटीबोरीला कंत्राटी कामावर आहे. त्यांना पुढे श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळालेच, तर ती त्यांच्या आजच्या तीन रात्रींची मजुरी. तीही वय ६५ झाल्यावर आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तरच. परवा पहाटे आईची चादर बदलता बदलता त्या म्हणाल्या, "साहेब, माझं कोण करंल?" 'तुमची मुलगी करेल' असे म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

आई तुझे नाव अजून स्पष्ट उच्चारते. जमल्यास दिवाळीपर्यंत न थांबता ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत