विषय : ‘ऑस्ट्रेलियन ओपल’ म्हणून विकलेल्या अंगठीबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या प्रतिनिधीशी बोलून फोन ठेवला. यापुढे जे काही बोलायचं ते लेखी.

बिलावर तुम्ही छापलंय, ‘नैसर्गिक ओपल, कूबर पेडी, ऑस्ट्रेलिया’. तुमच्याच काळजीपत्रकाप्रमाणे अंगठी कोमट साबणाच्या पाण्यात धुतली, तर पांढरा खडा आरपार दिसायला लागला. सुकल्यावर रंग परत आले, पण पिवळट झाक राहिली ती राहिलीच.

रत्नांचा धंदा तुमचा, तेव्हा हे मी सांगायला नको : कूबर पेडीचं ओपल असं पाणी पीत नाही. पाणी पितं ते इथिओपियाच्या वोलो भागातलं, 2008 नंतर बाजारात आलेलं. तेही अस्सलच, दिसतंही सुरेख. पण मग दरही इथिओपियाचा लावायचा होता.

यावर तुमचे प्रतिनिधी : ‘मॅडम, ओपल म्हणजे ओपल, देश कुठलाही असो.’ मग बिलावर देश कशाला छापता, असं विचारल्यावर मला होल्डवर टाकून बासरी ऐकवली. परत आले ते आवाज मऊ करून. ‘शुक्रासाठी घातलीय ना? मग खड्यानं तुमच्यावरचं काहीतरी स्वतःवर घेतलं असणार. चांगलंच झालं की!’ मी म्हटलं, पत्रिकेसाठी नाही, आवडली म्हणून घेतली. तर म्हणे, ‘तरी परिणाम होतोच.’ आणि वर, नवी घेतलीत तर घडणावळीत सवलत! उद्या ओपलच्या पातळ चकतीखाली काळा थर चिकटवलेलं डब्लेट ऑस्ट्रेलियातल्या लायटनिंग रिजचं काळं ओपल म्हणून विकाल आणि ते पाण्यानं सुटलं, तर तेही माझी साडेसाती झेलून का? वॉरंटीत ग्रहांचं कलम कुठे आहे, तेवढं कळवा. कॉल ध्वनिमुद्रित होतो असं तुम्हीच सांगता, तर एकदा ऐका तो.

आईच्या पाटल्याही तुमच्याकडच्याच. त्या आता वजन करून घ्याव्यात की काय, असं वाटायला लागलंय.

पुन्हा लिहिते : बिलावर कूबर पेडी आहे, बोटात नाही. तुमच्या खर्चानं बाहेरच्या प्रयोगशाळेत खडा तपासून घ्या आणि घडणावळीसकट पूर्ण रक्कम परत करा. कूबर पेडीला ओपल सापडलं 1915 साली, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही 1915च, त्यामुळे तो मला पाठ झालाय. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे शुक्राची सबब सांगून बघा.

सोबत : बिल, काळजीपत्रक, ओल्या व कोरड्या खड्याचे फोटो.