नकळत दिलेल्या पुडीने दारू सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्थानकाच्या भिंतीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात, आणि त्या वाचल्या की मला आमच्या घरातले ते तीन दिवस आठवतात. थोरल्या बंधूंनी आषाढी एकादशीला माळ घातली आणि वीस वर्षांची रोजची दारू त्याच दिवशी बंद केली. हेतू निर्मळ होता. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांना फिटसारखा झटका आला आणि तिसऱ्या रात्री ते थरथरत्या बोटांनी गोधडीवरच्या, नसलेल्या मुंग्या वेचत बसले. शेजारी ‘बाहेरची बाधा’ म्हणाले. शरीराला लागलेली दारू एकाएकी तुटली की असा भ्रम होतो, तो प्राणावर बेतू शकतो आणि म्हणून सुरुवातीचे दिवस औषधे व बी-१ जीवनसत्त्व देऊन देखरेखीखालीच काढावे लागतात, हे आम्हाला रुग्णालयात कळले.

दारूपासून दूर राहण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी उपयोगी आहे. पण तपासण्या करून आणि रुग्णाच्या संमतीने दिली तरच. ती पोटात असताना दारू प्यायल्यास उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. असे औषध वरणात कालवून नकळत देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. दारूची ओढ कमी करणारे नालट्रेक्सोनही आज मिळते.

पुढे बंधू निवासी व्यसनमुक्ती केंद्रात राहिले. (पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’मुळे अशा उपचारांची ओळख मराठी घरांना झाली.) अकरा महिन्यांनी ते एकदा घसरले, तेव्हा मात्र ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या सभेने त्यांना सावरले. ‘गोळीनं हात थांबले, पण संध्याकाळी सातला पाय गुत्त्याकडे वळायचे, ते सभेनं थांबवले,’ असे ते सांगतात. त्यामुळे ‘गोळ्या म्हणजे दुसरे व्यसन’ असे म्हणणारे सभेतले काही जुने सदस्य आणि सभांना ‘भजन’ म्हणून मोडीत काढणारे काही डॉक्टर, दोघेही रुग्णाचे नुकसान करतात असे मला मनापासून वाटते. माळेचाही बंधूंना आधार आहेच. ती आजही गळ्यात आहे.

दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कोणतेही उपचार मिळतात, असे २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले होते. आपल्या जिल्हा पानावर जवळची उपचार केंद्रे, सभांच्या वेळा आणि १४४४६ ही सरकारी मदतवाहिनी नियमित छापावी, ही विनंती. आमच्या गावातली सभा दर शनिवारी शाळेच्या खोलीत भरते, हे आम्हाला वहिनींच्या माहेरच्या एका माणसाकडून, निव्वळ योगायोगाने, कळले होते.

– एक वाचक, सातारा