ती मण्यार नव्हती, सुनंदा

ता. शिराळा, जि. सांगली
आषाढ वद्य पंचमी

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी रात्री तू पाठवलेला फोटो पाहिला. काकूंच्या न्हाणीघरासमोर फरशीवर पडलेला साप, शेजारी काठी, आणि खाली तुझं वाक्य, 'मण्यार होती गं. आई थोडक्यात वाचली.' मी उत्तर दिलं नाही. फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले होते, आणि जे सांगायचं होतं ते मोबाईलवर दोन ओळींत मावणारं नव्हतं. म्हणून आज कागद घेतला. डी.एड.ला असताना सुट्टीत आपण एकमेकींना पत्रं लिहायचो, त्यानंतर हे पहिलंच.

सुनंदा, ती मण्यार नव्हती. तो कवड्या होता.

रागावू नकोस. ज्यांनी काठी मारली ते शेजारी काकूंच्या मायेपोटीच धावून आले, हे मला कळतं. एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईच्या दारात पट्ट्यापट्ट्यांचा साप दिसला तर दुसरं काय सुचणार? पण फोटो परत उघड आणि नीट बघ. अंगाचा रंग तपकिरी आहे. पांढुरके पट्टे मानेपासूनच सुरू झालेत, पुढच्या भागात ठळक आहेत आणि शेपटीकडे जाता जाता विरून गेलेत. मण्यारीचं बरोबर उलट असतं. ती काळी-निळसर, तेल लावल्यासारखी चकचकीत. तिच्या अंगावर बारीक पांढऱ्या रेषा असतात, बहुतेक जोडीजोडीने, मानेजवळ पुसट किंवा नाहीतच आणि शेपटीकडे स्पष्ट होत गेलेल्या. शिवाय पाठीच्या कण्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ जाते. अर्थात हे सगळं फोटोत बघायला सोपं. रात्री, टॉर्चच्या उजेडात, छाती धडधडत असताना कोणाला खवले मोजता येतील? म्हणून ओळख पटली नाही तर त्याला विषारीच समजायचं आणि लांब राहायचं. लांब राहायचं, मारायचं नाही. माझं एवढंच म्हणणं आहे.

कवड्या घरात येतो तो पालींसाठी. भिंतीवर सरसर चढतो, कौलांच्या फटीत, चौकटीच्या खाचेत दिवसभर पडून राहतो आणि रात्री शिकारीला निघतो. हात लावला तर चावतो, अगदी चवताळून चावतो, पण त्याच्या चाव्याने माणसाला काही होत नाही. मण्यार दुसरे साप खाते, त्यात हाही आला. म्हणजे ज्या सोंगामुळे तो मेला, ते सोंग ज्याचं आहे तीच त्याची वैरीण. दरवर्षी पावसाळ्यात असे किती कवड्ये मण्यार म्हणून मरत असतील, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना.

आता तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली. मी सातारच्या गावात वाढलेली, घर भर वस्तीत. इथे आले तर घर रानात. पुढे भाताची खाचरं, मागे ऊस, परड्यात वैरणीची गंज आणि गोठ्याला लागून जळणाचा ढीग. एका दुपारी वैरण काढायला गेले आणि पेंढीखालून मनगटाएवढा जाड दोर सरकल्यासारखं झालं. सात फूट तरी असेल. मी जी किंचाळले ती वस्तीवरची माणसं गोळा झाली. पाच मिनिटांत खेळ संपला. मेल्यावर तिच्या फुटलेल्या अंगातून पांढरी लांबट अंडी बाहेर आली. नऊ होती. मी मोजली, का मोजली ते आजही सांगता येत नाही.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा बाजाराला गेल्या होत्या. संध्याकाळी आल्या, परड्यात गेल्या, पाहिलं आणि माझ्यावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, ती घरची हुती. तुझ्या लग्नाआधीपास्नं वैरणीत ऱ्हायाची." मग स्वतः खड्डा खणून तिला पुरलं आणि हात धुऊन भाकरी थापायला बसल्या. ते 'घरची' माझ्या मनाला इतकं लागलं की त्या रात्री मी जेवले नाही.

ती धामण होती. लोक म्हणतात धामण म्हणजे नागाची मादी, तिच्या शेपटीत विष असतं, म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. तिघांतलं एकही खरं नाही. नागाची मादी नागीणच, धामण ही वेगळीच जात. तिला विष नाही, आणि साप दूध पचवूच शकत नाहीत. दिवसा हिंडणारी, मोठ्या डोळ्यांची, ओठांवर काळ्या रेघा असलेली धामण उंदीर आणि बेडूक खाते. उंदीर बिळात शिरला तरी ती मागोमाग आत जाते. मांजराला ते जमत नाही. त्या वर्षी आमच्या भुईमुगाच्या पोत्यांना आणि उसाच्या बुडख्यांना उंदरांनी जे केलं त्याला एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पाऊसही लहरी होता. पण आत्या पोतं उचलून खालचा भुगा मला दाखवायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी बांधावर दोन धामणी दिसल्या, अर्ध्या अंगाने उभ्या, एकमेकींना वेढे घालून झुलत होत्या. बायका म्हणाल्या, लाग लागलाय, वर कापड टाका, घरात लक्ष्मी येते. एका सर्पमित्राने नंतर सांगितलं की तो लाग नव्हे, ते दोन नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. चावत नाहीत, फक्त दुसऱ्याचं डोकं जमिनीला टेकवायचं. अर्धा तास आम्ही तिघी-चौघी बांधावर उभ्या राहून बघत होतो. त्यांतला एक पुढे आमच्या गंजीत राहायला आला असं मी मनाशी धरलंय.

तेव्हापासून घराची एक वहिवाट झाली आहे. आत्यांची शिकवण. जळणाला हात घालण्याआधी काठीने दोनदा आपटायचं. अंधारात परड्यात जायचं तर उजेड आधी, पाय मागून. दगड उचलायचा तर फट आपल्याकडे नव्हे, पलीकडे उघडेल असा. बूट झटकल्याशिवाय घालायचा नाही. सापाला बाहेर कान नसतात, पण जमिनीतून हादरा त्याला कळतो, तेव्हा जोरात पाय वाजवत चाललं की तो आपणहून बाजूला होतो. तुला हे ऐकून घरात सतत धाक असतो असं वाटेल, पण रस्ता ओलांडताना आपण दोन्हीकडे बघतो ना, तितकंच ते.

विहिरीत दिवड आहे. डिवचली तर मान अशी चपटी करते की नवखा माणूस 'नाग, नाग' म्हणून ओरडतो. मासे आणि बेडकं खाऊन सुखाने राहते. मोरीत पावसाळ्यात वाळा निघतो, गांडुळासारखा, काळसर, करंगळीएवढाही जाड नाही. लोक म्हणतात झोपेत कानात शिरतो. तो बिचारा मुंग्यांची आणि वाळवीची अंडी शोधत असतो. यातल्या एका जातीत सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात. माझ्या लेकीने हे शाळेत सांगितलं तर बाईंना पटेना, मग मी स्वतः जाऊन सांगून आले. आता ती केरसुणीने वाळा सुपलीत घेऊन बागेत सोडते. मात्र तिला पक्कं बजावलंय, वाळा सोडून कशालाही हात लावायचा नाही, ओळखीचं वाटलं तरी.

कारण ओळख चुकते. डुरक्या घोणस बिनविषारी, आखूड, बोथट शेपटीची, आणि तिच्यासारखीच दिसते म्हणून घोणशीचं पिल्लू लोकांनी हातात घेतल्याचं मी ऐकलंय. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखे फूत्कार टाकते. ऊसतोडीत तिची भीती खरी आहे, कोणी हसण्यावारी नेऊ नये. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं औषध एकच आहे आणि ते दवाखान्यातच मिळतं, मांत्रिकाकडे नाही. तेव्हा मी सापांवर माया करते म्हणजे माणसांची काळजी करत नाही असं समजू नकोस. काकूंसाठी तर मी आणखीच धास्तावले आहे.

माझ्या हातून झालेली दुसरी चूकही सांगते. दोन वर्षांपूर्वी मोरांनी भाजीचा वाफा उकरला म्हणून मी भोवती नायलॉनची जाळी लावली, जमिनीला टेकलेली. चौथ्या दिवशी सकाळी त्यात धामण अडकलेली, आमच्या गंजीतलीच असावी. जितकी धडपड करेल तितका दोरा खवल्यांत रुतत होता. हे कात्री घेऊन धावले, मी थांबवलं, वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन केला. दीड तासाने सर्पमित्र आला. तोवर मी तिच्यावर ओली गोणपाटं टाकून बसले होते, ऊन चढत होतं. त्याने एकेक फास कापला. मानेजवळ कातडं सोललं होतं, तिथे औषध लावून त्याने तिला बांधापलीकडे सोडलं. ती झुडपात शिरेपर्यंत मी श्वास घेतला नसेन. जाळी त्याच दिवशी काढली. द्राक्षाच्या बागांना पक्ष्यांसाठी लावतात त्या जाळीतही असंच होतं म्हणाला. जमिनीपासून वीतभर वर ठेवली तरी पुष्कळ जीव वाचतात.

पुढच्या पंधरवड्यात नागपंचमी. आमच्या शिराळ्याची तुला माहीतच आहे. गोरखनाथांनी महाजनांच्या घरी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला जिवंत नाग पुजशील का म्हणून विचारलं, अशी कथा इथे लहान पोरही सांगतं. पूर्वी जिवंत नाग पकडून मिरवत. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचा आदेश आल्यावर ते थांबलं. जुन्या माणसांना अजून चुटपुट लागते आणि त्यांच्या श्रद्धेचा मी कधी अपमान करणार नाही. पण आत्या मातीचाच नाग आणतात, लाह्या वाहतात, त्या दिवशी विळी धरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, पुरणाची दिंडं उकडतात. रानात नांगर चालत नाही, कारण भुईतल्या जिवाला लागेल. मला ते सगळ्यात आवडतं. मग धामणीला काठी आणि मातीच्या नागाला हळद, हे माझ्या मनाला पटत नाही.

आता काकूंसाठी एवढं कर. त्यांना जमिनीवर झोपू देऊ नकोस. मण्यार रात्री घरात येते, अंथरुणातही शिरते, आणि तिचा दंश एवढा बारीक असतो की झोपेतल्या माणसाला कधी कधी कळतही नाही. सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि लोक अपचन समजून ओवा देत बसतात. तेव्हा खाट हवी आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली हवी. उशाला टॉर्च. न्हाणीच्या पाण्याच्या भोकाला बारीक जाळी. जळण भिंतीला टेकून रचलंय, ते दहा पावलं लांब हलवायला सांग. कोंबड्यांचा दाणा रात्री सांडलेला ठेवू नये, उंदीर येतात आणि उंदरामागे सगळे. आणि देव न करो, कुणाला चावलंच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला चालू न देता १०८ ची गाडी बोलवायची.

तुला आठवतं, अजिंक्यताऱ्यावर चढताना करवंदीच्या जाळीत हरणटोळ दिसला होता? पोपटी, चाबकासारखा, डोळ्यांत आडवी बाहुली. बाकीच्या मुली पळाल्या, म्हणाल्या टाळूला चावतो. तू हललीसुद्धा नाहीस. वारा आला तशी तो फांदीसारखा झुलायला लागला आणि तू माझा हात दाबून म्हणालीस, "शैले, हा वाऱ्याची नक्कल करतोय." मला तेव्हा साप बघवत नव्हता. मी तुझ्याकडे बघून तिथे उभी राहिले होते.

श्रावणात चार दिवस काकूंना घेऊन इकडे ये. त्यांना आत्यांशी बोलू दे, माझ्यापेक्षा आत्या नीट सांगतील. आणि काकूंना एक विचार, न्हाणीघराच्या भिंतीवर हल्ली पाली वाढल्यात का?

तुझी,
शैला