गादीखालच्या पट्टीबद्दल विचारलंस म्हणून

बेळगाव

प्रिय चिमे,

तुझी व्हॉइस नोट नाइट संपवून घरी येताना रिक्षात ऐकली. निम्मी ऐकू आली नाही, मग टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं तेव्हा परत लावली. तुमच्याकडे गडहिंग्लजला पुढच्या महिन्यात कॉटाकॉटाला वायरलेस मॉनिटर बसणार, मेट्रन खूश आहे आणि तुझ्या पोटात गोळा आलाय, एवढं कळलं. "काम वाढतं का कमी होतं, एका शब्दात सांग," म्हणालीस. एका शब्दात सांगण्यासारखं नाही गं, म्हणून लिहायलाच बसले.

आमच्या वॉर्डात जे आहे ते असं. गादीखाली, छातीच्या पातळीला एक पातळ पट्टी. हृदय दर ठोक्याला रक्त फेकतं तेव्हा सगळं अंग किंचित हलतं, श्वासाबरोबर छाती वर-खाली होते. पट्टी ते हलणं टिपते आणि त्यातून पल्स वेगळी, श्वास वेगळा काढते. पेशंटच्या अंगाला काही चिकटवावं लागत नाही. ऑक्सिजनसाठी मात्र बोटाला क्लिप आणि मनगटावर घड्याळासारखी डबी. हे सगळं ब्लूटूथनं कॉटमागच्या भिंतीवरच्या खोक्यात जातं, तिथून वायफायनं नर्सिंग स्टेशनवरच्या स्क्रीनवर आणि आमच्या ड्यूटीच्या मोबाइलवर. बीपी पट्टीला कळत नाही, ते कफ बांधूनच घ्यायचं. डेमो देणारी माणसं हे वाक्य जरा हळू आवाजात बोलतात, तेवढं लक्ष ठेव.

आपण पेशंटला दिवसभराचा ईसीजी नोंदवणारा होल्टर लावतो ना, तो ज्यांच्या नावाचा आहे त्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात चालत्या-फिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओनं पाठवून दाखवला, तेव्हा त्या माणसाच्या पाठीवर जवळजवळ ३८ किलोचं धूड होतं. आता असे आकडे वायरशिवाय पाठवणारी डबी सिस्टरच्या ॲप्रनच्या खिशात हरवते. खरंच हरवते. आमच्याकडची एक लाँड्रीच्या गाठोड्यात जाऊन धुऊन आली.

आता मला मनापासून पटलेली गोष्ट सांगते. कुठल्याही हॉस्पिटलातला टीपीआर चार्ट उघड. टेंपरेचर बदललेलं दिसेल, पल्स बदललेली दिसेल, श्वासाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. कुणी हौशी असेल तर मध्येच १८. मिनिटभर छातीकडे बघत उभं राहायला वेळ कुणाला असतो? शिवाय मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो, म्हणून तर नाडीवर हात तसाच ठेवून गुपचूप श्वास मोजायला शिकवलं होतं आपल्याला. तेवढी सवड वॉर्डात मिळत नाही. पट्टीला मात्र दुसरं कामच नाही. आणि श्वास ही काही फुटकळ गोष्ट नव्हे. बीपी कोसळायच्या कितीतरी तास आधी तो वाढलेला असतो. ब्रिटनमध्ये पेशंट बिघडतोय का हे वेळीच ओळखायला २०१२ पासून न्यूज नावाचा स्कोअर वापरतात. त्यात श्वास १२ ते २० असला तर शून्य गुण, २५ किंवा वर गेला की एकट्या श्वासाचेच ३. सगळे मिळून ५ झाले की डॉक्टरला तातडीनं बोलवायचं, ७ झाले की इमर्जन्सी.

गेल्या पावसात जांबोटीकडचे एक आजोबा होते, पोटाचं ऑपरेशन झालेले. रात्री स्क्रीनवर श्वास २६ दिसायला लागला. जाऊन बघितलं तर ताप नाही, बीपी चांगलं, आजोबा छताकडे बघत पडलेले. "काय न्हाई गं बाई, बरं हाय," म्हणाले. आपली जुनी माणसं ठाऊक आहेत ना तुला, सिस्टरला त्रास नको म्हणून मरणाचं दुखणंसुद्धा बरं हाय म्हणतील. मनगट धरून पूर्ण मिनिट मोजलं तर २८ भरले. टाके दुखतात म्हणून ते खोल श्वासच घेत नव्हते, वरच्यावर चालला होता. ड्यूटी डॉक्टर कुरकुरतच उठून आला, पण छातीला स्टेथो लावल्यावर गप्प झाला. खाली उजव्या बाजूला हवाच जात नव्हती. लगेच एक्स-रे, वाफ, दुखायचं औषध, बसवून श्वासाचे व्यायाम. पट्टी नसती तर त्या रात्री चार्टवर २० च पडले असते आणि सकाळी राउंडला धावपळ झाली असती.

दुसरं सुख म्हणजे रात्री दोन वाजता माणसांना उठवायला लागत नाही. पल्स आणि श्वास झोपेतच येतात. ज्यांचं बीपी रात्री बघायचंच आहे त्यांना उठवते, बाकीच्यांना झोपू देते.

एवढं कौतुक पुरे. आता वायफायचं ऐक. आमची जुनी विंग काळ्या दगडाची, भिंती ही एवढ्या जाड. कोपऱ्यातल्या एका कॉटवरचं बोटाचं रीडिंग रोज दुपारी जायचं, स्क्रीनवर नुसत्या रेघा. डबी बदलली, सेल बदलला, तरी तेच. शेवटी बायोमेडिकलचा पोरगा वॉर्डात बसून राहिला तेव्हा उलगडा झाला. जेवण झालं की तो पेशंट भिंतीकडे पाठ करून झोपायचा, क्लिपवाला हात पोटाखाली. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, आणि त्या लहरी पाण्यात मुरतात. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच, तेव्हा त्याच्या स्वतःच्याच अंगाची भिंत व्हायची. डबी दुसऱ्या हाताला बांधली आणि प्रश्न मिटला. पँट्रीतला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात, साधं वायफायही त्यातच, आणि चार ते सहा भेटायच्या वेळात नातेवाइकांचे हॉटस्पॉटही. त्या पोरानं मोबाइलवर मला चित्र दाखवलं. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तेवढ्यात अख्खा वॉर्ड आणि अख्खी पाहुणेमंडळी कोंबलेली. मग भिंतीवरची खोकी ५ गिगाहर्ट्झवर नेली. तिथं गर्दी कमी, पण त्या लहरी दगडातून नीट जात नाहीत, म्हणून पॅसेजमध्ये आणखी एक राउटर बसवायला लागला.

तो बायोमेडिकलचा पोरगा सांगत होता, १९९८ मध्ये अमेरिकेत डॅलसला एका टीव्ही स्टेशननं डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलातले हार्टच्या पेशंटचे वायरलेस मॉनिटर बंद पडले. कुणाला इजा झाली नाही, पण २००० मध्ये तिथल्या सरकारनं हॉस्पिटलच्या मॉनिटरसाठी वेगळ्या लहरी राखून ठेवल्या. आमची यंत्रं मात्र वायफायवरच, म्हणजे गणपत गल्लीच्या गर्दीतून स्ट्रेचर काढण्यातला प्रकार.

अलार्मचं तुला वेगळं काय सांगू, तू आयसीयू केलंयस. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २०१३ मध्ये इशारा काढला होता. त्यात म्हटलंय की १०० अलार्म वाजले तर ८५ ते ९९ वेळा काही करायची गरजच नसते. फरक एवढाच की पूर्वी अलार्म कॉटजवळ वाजायचा, आता खिशात थरथरतो, आपण डबा खात असलो तरी. थंडीत हात गार पडले की ऑक्सिजन ८४ दाखवतं, लग्नाहून आलेल्या पोरीच्या नखांना गडद नेलपॉलिश असलं तरी गडबड. आधी बोट चोळून गरम करायचं, नाहीतर कानाच्या पाळीची क्लिप लावायची. आणि एक गोष्ट तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. २०२० मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला, त्यात काळ्या कातडीच्या पेशंटमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असून क्लिप चांगला आकडा दाखवते, असं गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा आढळलं. आपल्याकडे उन्हात राबणारी माणसं सावळी ते काळी. स्क्रीनवर ९३ असेल आणि माणूस बोलताना वाक्य तोडत असेल, तर मी माणसावर विश्वास ठेवते.

गंमत म्हणजे तो अलार्म इंग्रजीत. कॉटवर बैलहोंगलची अज्जी कन्नडमध्ये कण्हते, शेजारी चंदगडचा पेशंट, त्याची बायको मराठीत विचारते, ड्यूटीवरची सिस्टर केरळची. मी मध्ये उभी राहून एकीला "येन आत्री अज्जी" आणि दुसरीला "काय न्हाई, मशीनचा आवाज हाय" म्हणते. बोर्डावर कुठली भाषा वर यावी यावर आपल्याकडे दरसाल रस्त्यावर उतरतात, पण त्या अलार्मवर अजून कुणी मोर्चा काढला नाही.

आता खरं दुखणं. तुला वाटेल आकडे आपोआप आले म्हणजे लिहिणं वाचलं. आमच्याकडे स्क्रीन आणि केसपेपर एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून स्क्रीनवरचा आकडा बघून पेननं चार्टवर उतरवायचा, आणि वर टॅबमध्ये टिक करायची. आधी एकदा लिहायचो, आता दोनदा. त्यात मशीन आल्यावर तिसऱ्या महिन्यात वरून हुकूम आला, राउंड आता मशीनच घेतं, सबब नाइटला वॉर्डात एक सिस्टर कमी. नर्सिंग कौन्सिलचा निकष टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक असा आहे. तो कुठं पाळतात हे तू मला सांगू नकोस आणि मी तुला सांगत नाही. पण मशीननं दिलेला वेळ आपल्या हातात यायच्या आधीच कुणीतरी खिशात घातला, याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. श्वास २८ आहे हे मशीन सांगेल. पण उशी लावून बसवायला, थुंकी काढायला, डॉक्टरला उठवायला माणूस लागतो. पूर्वी एका राउंडला सगळ्या कॉटांवर जायचे. आता जिथं लाल दिवा तिथं पळते, आणि ज्याचा दिवा हिरवा त्याच्याकडे सकाळपर्यंत कुणी फिरकत नाही. पाठीला जखम झालीय का, लघवी झालीय का, सून जेवण घेऊन आली नाही म्हणून अज्जी रडतेय का, यातलं पट्टीला काय कळणार? म्हणून मी अजून हिरव्या दिव्यांची एक फेरी मारते. सुपरवायझर विचारतात कशाला. बीपी घ्यायला, म्हणते. खोटंही नाही ते.

घरी पाठवलेल्या पेशंटला असलं मशीन द्यायचं असंही मध्ये चाललं होतं. कणकुंबीच्या पावसात मोबाइलला रेंज मिळवायला माणसं टेकाड चढतात, तिथं मशीनचा आकडा कशावरून पाठवणार? तो विषय तिथंच बारगळला.

तर तू घाबरू नकोस, आणि नकोही म्हणू नकोस. पण मशीन बसायच्या आधी मेट्रनकडून दोन गोष्टी कागदावर घे. स्टाफ कमी होणार नाही ही पहिली. दुसरी, मशीनमधला आकडा थेट चार्टमध्ये जाईल आणि हातानं लिहिणं बंद होईल. अलार्मची मर्यादा पेशंटगणिक बदलायची मुभा सिस्टरला पाहिजे, नाहीतर सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या म्हाताऱ्याचं खोकं रात्रभर कोकलत बसेल. सेल कोण बदलणार तेही विचार, नाहीतर ते काम हळूच आपल्याच गळ्यात येतं. आणि इंजिनिअर आला की सगळ्यांसमोर विचार, राउटर यूपीएसवर आहे का. आमच्याकडे लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंदच जातात, पण राउटर परत उभा राहायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ सगळा वॉर्ड आंधळा. महिनाभर भांडल्यावर यूपीएस मिळाला. तुम्ही आधीच मागा.

मिटिंगमध्ये काय ठरलं ते कळव. लिहायचा कंटाळा आला तर व्हॉइस नोट पाठव, पण रस्त्यावरून चालताना नको, नुसते हॉर्न ऐकू येतात. आईचं गुडघ्याचं काय झालं? दाजींना सांग, कुंदा पाहिजे असेल तर यावेळी स्वतः न्यायला या, मागच्या खेपेला एसटीत अर्धा कुणी खाल्ला ते मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझी दिवसपाळी आहे, संध्याकाळी फोन कर.

तुझीच,
हॉस्टेलची रूम पार्टनर