कऱ्हाडचा अर्धा र

कोलोनच्या गाडीतून,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल रात्री फोन केला तेव्हा बाबा झोपले होते. सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून लिहायला बसले. ब्रसेल्स मिडीहून गाडी आत्ताच सुटली. दोन तासांच्या आत कोलोन येईल, तोवर जमेल तेवढं लिहिते. आई, घसा धरलाय, पण ताप नाही. या संमेलनाहून परतणाऱ्या कितीतरी जणांचा धरतो, त्याला ‘फॉसडेम फ्लू’ असं नावच पडलंय. घरी गेल्या गेल्या हळदीचं दूध घेते, काळजी करू नकोस.

बाबा, हे फॉसडेम म्हणजे काय, ते तुम्ही मागे विचारलं होतं आणि मी घाईत काहीतरी सांगून मोकळी झाले. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणीही उघडून वाचावा, दुरुस्त करावा, पुढे दुसऱ्याला द्यावा, ते लिहिणाऱ्या लोकांचं हे संमेलन. २००० साली सुरू झालं, यंदा पंचविसावं वर्ष. ब्रसेल्सच्या विद्यापीठाच्या सॉलबॉश आवारात शनिवार-रविवार भरतं. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, गळ्यात बिल्ला नाही. आठ हजारांवर माणसं येतात आणि सगळं स्वयंसेवक चालवतात. खोली भरली की दारावर ‘जागा नाही’ असा कागद लागतो. मग आतला एक उठून बाहेर आला की बाहेरचा एक आत जातो. गारठ्यात रांगा लावून माणसं उभी असतात, पण कुणी कुरकुरत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्हाला आठवतं, लग्नपत्रिकेत ‘कराड’ असं छापून मागितलं तरी तुम्ही गिऱ्हाइकाला एकदा तरी ‘कऱ्हाड’ करू का म्हणून विचारायचात? मी शाळेतून थेट छापखान्यात यायचे आणि तुमच्या खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, त्या केसपाशी, उभी राहायचे. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा र चिमटीत धरून तुम्ही उजेडाकडे करून दाखवला होतात, उलटा, कोयरीच्या टोकाएवढा. ‘हा मोडला तर दुसरा मिळायला महिना जातो,’ असं म्हणाला होतात.

तोच र गेली तीन वर्षं माझ्या मागे लागलाय. जुनी पुस्तकं वाचायचा एक छोटा प्रोग्रॅम आहे, त्यातल्या मराठीचं काम मी संध्याकाळी करते. त्यात ‘कऱ्हाड’ शोधलं की कधी सापडायचं, कधी नाही. शब्द तर पानावर समोर दिसतोय! कारण असं की संगणकात हा र दोन तऱ्हांनी जुळवता येतो. एक तऱ्हा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. छापून दोन्ही अगदी सारखेच उमटतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळ्या खणांतले दोन वेगळे खिळे, आणि कागदावर ठसा एकच. माणूस ठसा वाचतो, संगणक खिळे मोजतो. त्यामुळे एकाने एका तऱ्हेनं टंकलेलं दुसऱ्याला सापडत नाही. गावाचं नावच सापडत नाही म्हटल्यावर मला फार लागायचं ते.

हा प्रोग्रॅम सांभाळणारा माणूस फिनलंडचा. सहा वर्षं आमचा पत्रव्यवहार, पण भेट कधी नव्हती. नोकरी करून, दोन मुलांना झोपवून, रात्री तासभर तो हे काम करतो. त्याचा पगार कुणी देत नाही. मी तक्रार लिहून पाठवली की तो सभ्यपणे विचारायचा, ‘पण ही दोन्ही अक्षरं एकच तर दिसतात, चूक कुठे आहे?’ मी पुन्हा लिहायचे, तो पुन्हा विचारायचा. लेखी समजावून हे पटेना.

शनिवारी माघी गणपतीचा दिवस. सकाळी खोलीवर मोबाइलमधल्या फोटोपुढे हात जोडून निघाले होते. दुपारी कॅन्टीनमध्ये आम्ही बसलो, बटाट्याच्या तळलेल्या फोडी मध्ये ठेवून. तो म्हणाला, हाताने लिहून दाखव. मी कागदी पिशवी फाडून तिच्यावर ‘आचार्यांना’ लिहिलं आणि खाली ‘आचाऱ्यांना’. वरचे गुरुजी, खालचा स्वयंपाकी. नुसत्या एका र-ने माणूस बदलतो, हे पाहून त्याने खुर्ची पुढे ओढली. मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. मग मी त्याला लॅपटॉपवर ‘कऱ्हाड’ दोन्ही तऱ्हांनी टंकून दाखवलं आणि प्रत्येकाच्या आतले कोड एकाखाली एक मांडले. तो बराच वेळ बोललाच नाही. नंतर त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः तो र काढून पाहिला. तीन वेळा. तिसरा छान आला होता, बाबा.

पुढची दुरुस्ती चाळीस मिनिटांत झाली. शोधायच्या आधी दोन्ही तऱ्हा आतल्या आत एकाच तऱ्हेत फिरवून घ्यायच्या, एवढंच. तीन वर्षं पडून राहिलेलं काम! त्याच्यावर माझा अजिबात राग नाही. आपली लिपी न वाचणारा माणूस आपल्या अक्षरासाठी सुट्टीतली दुपार देतो, हेच मला मोठं वाटतं.

पुण्याच्या एका मुलाला मात्र व्हिसासाठी वेळेत तारीख मिळाली नाही. तो घरून थेट प्रक्षेपण बघत होता. इथे संध्याकाळचे पाच, तिकडे साडेनऊ. मराठीतला ल आणि श कित्येक ठिकाणी हिंदी वळणाचे का दिसतात, असं त्याने तिथूनच लिहून विचारलं. खरं तर अनेक फाँटमध्ये दोन्ही वळणं दिलेली असतात, पण मजकूर मराठी आहे असं आत नोंदवलेलं नसलं की मराठी वळण पुढे येतच नाही. आपल्याकडच्या कितीतरी माणसांकडून ही नोंद करायचीच राहून जाते. हे काम आपलं आहे, ते फिनलंडवाल्यानं का करावं?

रविवारी समारोपाला यान्सोन नावाच्या चौदाशे खुर्च्यांच्या सभागृहात सगळे जमले. आभार मानून झाल्यावर आवराआवरीला थांबा असं सांगतात, आणि माणसं खरंच थांबतात. सप्ताहाच्या काल्यानंतर मंडपातल्या सतरंज्या गुंडाळायला सगळी आळी लागते ना, तसं. मी तासभर वायरी गुंडाळल्या. शेजारच्या बाईंनी सांगितलं, कोपरावर गुंडाळू नकोस, पीळ पडतो, एक वेढा सुलटा आणि एक उलटा घे.

आता गाडीत निम्मे आमचेच लोक दिसतात. लॅपटॉपवर चिकटवलेल्या चित्रांवरून लगेच ओळखू येतं. समोरचा एक जण तोंड उघडं ठेवून झोपलाय, मांडीवर लॅपटॉप तसाच. लिएजला तिघं उतरली, हात हलवून गेली. उद्यापासून सगळे आपापल्या नोकरीवर, आणि इथे दिलेले शब्द रात्रीच्या त्या एका तासात पाळायचे. तिथेच खूप काही गळून जातं, हे मी दरवर्षी पाहते. यंदा माझ्याकडून ते होऊ द्यायचं नाही.

म्हणून बाबा, एक काम आहे. दुरुस्ती तपासायला मला अर्ध्या र-चे शब्द हवेत, जितके मिळतील तितके. मला सुचले ते असे: कऱ्हाड, वऱ्हाड, बिऱ्हाड, कुऱ्हाड, गिऱ्हाईक, तऱ्हा, दोऱ्या, पायऱ्या, पुढाऱ्यांना. तुमच्या हातून याच्या दसपट शब्द जुळवले गेले असतील. रोज थोडे वहीत लिहा आणि आठवड्याच्या शेवटी भाऊला फोटो काढून पाठवायला सांगा. इंग्रजीत याला पापणीचा र म्हणतात. छापखान्यात तुम्ही काय म्हणायचात, आणि केसमध्ये तो कुठल्या खणात असायचा, तेही लिहा.

आखेन आलं. आता पुढचं कोलोनच.

तुमची,
लेक